डाळ शिजेनाशी झाली ते वर्ष

डाळ वेळेत शिजली नाही की अजूनही मला भीती वाटते. आता मी संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. नळाला पाणी येईल तेव्हा येतं, पण येतं ते धरणाचं, साफ. डाळ कच्ची राहिलीच तर ती जुनी असते, दुकानदारानं गळ्यात मारलेली असते. हे सगळं मला कळतं. तरी झाकण काढल्यावर खाली डाळ आणि वर पाणी असं वेगवेगळं दिसलं की राहवत नाही. मग मी एक दाणा चिमटीत चिरडून बघते, पाण्याचा वास घेते, आणि कुणी बघत नसलं तर सगळंच मोरीत ओतून देते.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी तोंडाला पदर लावून हसायला नको. विजेला भिते, कुत्र्याला भिते, इंजेक्शनला तर अशी भिते की नर्सबाईच घाबरून जाते. आणि भीती वाटली की बाकीची माणसं गप्प होतात, माझं उलटं. मला तोंड सुटतं. सासू म्हणायची, "हिच्या तोंडाला देवानं फाटकच नाय बसवलं." सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. तोंड त्यांचंही काही कमी नव्हतं, पण त्या भीत मात्र कुणाला नव्हत्या. निदान मला तसं वाटायचं.

माझं माहेर पैठण. दाराशी गंगा, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. धरणावरनं मोठाले पाइप टाकायचं काम चालू होतं तेव्हा मी परकर नेसणारी पोर होते. रस्त्याकडेला ते पाइप पडलेले असायचे आणि आम्ही त्यांच्यात शिरून शिवाशिवी खेळायचो. हे पाणी कुठं चाललंय म्हणून विचारलं तर मुकादम म्हणाला, "वाळूजला. कंपन्यांना." कंपन्या म्हणजे कुणीतरी लई तहानलेली माणसं असावीत, असं मला वाटलं होतं.

पुढं लग्न ठरलं ते वाळूजच्याच शिवारातल्या एका गावात. मला बघायला आलेल्या आत्याबाईंना माझ्या आईनं एकच विचारलं, "पाणी कसं आहे तुमच्याकडं?" आत्याबाईंनी बशीतला चहा खाली ठेवला. "बाई, आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ टाकायची अन् शेजारणीशी दोन शब्द बोलून यायचं. आलं की शिजलेली. गावातला आड मचूळ हाय, अर्धं गाव आमच्याच विहिरीवर येतं." आई तिथंच खूश झाली. माझी सोयरीक डाळीवर जुळली म्हणा ना.

खोटं काही नव्हतं त्यात. पोलिस ॲक्शन होऊन निजाम गेला, गावं जरा निवांत झाली, त्या सुमाराला ती विहीर खोदलेली. आत्याबाई तेव्हा नव्या नवरी. अंगाची हळद ओली असताना मी मातीच्या टोपल्या वाहिल्या, असं त्या सांगायच्या, आणि दर वेळी सांगताना टोपली आणखी जड व्हायची. पाणी लागलं त्या दिवशी काठावर सात खडे मांडून साती आसरांची पूजा केली. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, देवी. पाण्याची राखण करतात आणि चिडल्या तर माणसाला धरतात. तेव्हापासूनचा रिवाज होता. गावाच्या त्या अंगाला जे मूल जन्मेल ते बाळंतीण उठली की आधी आमच्या विहिरीवर आणायचं, आसरांना दहीभात दाखवायचा, आणि आत्याबाईंनी आपल्या हातानं मुलाच्या ओठाला विहिरीचं पाणी लावायचं. ते तीर्थ. ते लागल्याशिवाय मूल गावातलं झालं असं कुणी मानायचं नाही.

मी सून म्हणून आले तेव्हा शेत अर्धंच उरलं होतं. अर्धं एमआयडीसीत गेलेलं, आणि आमचे हे तिथल्याच एका कंपनीत लागलेले. कपडे रंगवायला लागते ती पावडर तिथं बनायची. हे पाळीवरनं घरी आले की कानाच्या पाळ्या पिवळ्या, नखं पिवळी. मी चेष्टा करायचे, "रोज हळद लागते तुम्हाला, रोज लग्न का?" पण त्या कंपनीला नावं ठेवायला माझी जीभ वळायची नाही. त्याच पगारावर कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, डोक्यावर पंखा फिरायला लागला. आधी पावसानं दगा दिला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. आता गावातली पोरं डबा घेऊन भोंग्यावर निघायची. भोंगा झाला की आत्याबाई हातातलं काम थांबवून कपाळाला हात लावायच्या, देवाला लावतात तसा. मी स्वतः बघितलंय.

पहिल्या बाळंतपणाला मी पैठणला गेले. मुलगी झाली. पावसाळा सरता सरता तिला घेऊन सासरी आले. येताना आईनं तांब्याचा एक गडू दिला, गंगेच्या पाण्यानं भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. "असू दे घरात," म्हणाली. तो मी ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी चुलीवर डाळ टाकली. पोरीला पाजलं, निजवलं, दुपटी धुतली, परत आले तरी डाळ तशीच. जाळ वाढवला. भाकऱ्या झाल्या तरी दाणे टणक. वर पिवळसर फेस आलेला आणि त्याला दवाखान्यातल्या फरशीसारखा वास.

"आत्याबाई, पाणी बदललंय."

"पाणी नाय बदललं. तू माहेरचं खाऊन आलीस, तुझी जीभ बदललीय. सुनेचा जीव पोरीत, चुलीत कुठाय?"

मी चांगली फणकारले. पण त्याच दुपारी म्हशीला विहिरीच्या हौदावर नेलं तर तिनं पाण्याशी तोंड नेलं, फुर्रकन उडवलं आणि मागं सरकली. मी तिला ढकलते, ती मला ढकलते. तहानलेलं जनावर पाण्याला पाठ करून उभं राहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. 

संध्याकाळी शेजारच्या शेतातली भाभी पोरगी बघायला आली. मुसलमानाचं घर त्यांचं, आमचा बांधाला बांध. झबलं आणलं होतं, कडकड बोटं मोडून दृष्ट काढली. मग आत्याबाई गोठ्याकडं गेल्या तशी तिनं पिशवीतनं एक ओढणी काढली. "देख दुल्हन. सफेद थी. तुम्हारी बावडी के पानी में दो बार धोई." ओढणी पिवळी पडली होती, सगळीकडं सारखी नाही, कडेला जास्त. "हम तो बच्चों कू आड का पानी पिला रईं, मचूळ तो मचूळ. तू बच्ची कू ये पानी नक्को देव."

"आत्याबाईंना सांगितलं का तुम्ही?"

"बोली ना. मेरेपेच गुस्सा हुई."

भाभी गेली आणि मी पोरीजवळ येऊन बसले. पोरगी तर अजून अंगावरच पीत होती. पण मी? दोन दिवस मी तेच पाणी तांब्या तांब्या प्याले होते. बाळंतिणीनं पाणी भरपूर प्यावं म्हणून आत्याबाई स्वतः भरून द्यायच्या. पोरगी भुकेनं रडायला लागली आणि मला तिला पदराखाली घ्यायची भीती वाटायला लागली. स्वतःच्या दुधाची भीती. ही भीती कशी असते ते ज्या बाईला कळलं नाही तिनं देवाचे आभार मानावेत. शेवटी रडत रडतच पाजलं.

हे पाळीवरनं आले तशी मी तोंड सोडलं. म्हैस, डाळ, ओढणी, सगळं एका दमात. यांनी आधी दार लोटलं. "हळू बोल." खाटेवर बसले, पायातले बूट काढायला लागले. नाडी सुटेना. "तू पिऊ नको ते. पोरीला तर अजिबात लावू नको. उद्यापासून कंपनीतल्या कँटीनचं पाणी आणतो मी."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाल्याला सोडतात. पाऊस लागला की सोडतात, वाहून जातं म्हणून. सगळंच कुठं वाहतं? आपल्या बांधाशी मुरतं. पाणी साफ करायची टाकी हाय कंपनीत. तपासायला कुणी येणार असलं की चालू, गेलं की बंद."

"मग सांगा की कुणाला तरी! तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"कुणाला सांगू? गावातली चार डोकी आधीच गेटला टाळं ठोकायला टपलीत. टाळं लागलं की सगळी पोरं घरी. उद्या तू खाशील काय, तुझी डाळ?" मग आवाज खाली आला. "अन् सांगितलं मी, हे कळलं तर पयला मी घरी."

"आत्याबाईंना तरी सांगा."

"मायला? मायला कळलं तर ती विहिरीवर उभी राहून गावाला हाका मारंल. तुला ठाव नाय ती."

 यांच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, म्हणजे मला भांडता आलं असतं. तिथं राग नव्हता. माझा नवरा माझ्यासारखाच भ्यालेला होता, आणि त्यानं मी आणखी भ्याले.

दुसऱ्या दिवसापासून सायकलला बांधून एक कॅन यायला लागला. झालं, आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड. "दारात विहीर, अन् घरात डबड्यातलं पाणी! लोक तोंडात शेण घालतील माझ्या." त्यांनी त्या कॅनला बोटसुद्धा लावलं नाही. उलट रोज सकाळी अंगणात, बायका पाण्याला चाललेल्या असताना, विहिरीच्या पाण्याचा तांब्या वर धरून गटागटा प्यायच्या. कुणी विचारलं, "आत्या, वास येतोय का हो पाण्याला?" तर म्हणायच्या, "पावसानं ढवळलंय. दरसालचंच हाय." आणि बायका भरून न्यायच्या. आत्याबाई पितात म्हणल्यावर कोण कशाला संशय घेईल? त्यांच्या बोटांच्या बेचक्यात मात्र चिरा पडल्या होत्या. खोबरेल लावताना मला बघितलं की हात पदराखाली घ्यायच्या. "सोडा लागला धुण्याचा."

मग एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "येत्या मंगळवारी पोरीला विहिरीवर न्यायचं."

माझं धाबं दणाणलं. त्या दिवसापासून मी काम करता करता पोरीच्या ओठांकडं बघत बसायचे. एवढेसे ओठ, झोपेतही चोखल्यासारखे हलायचे. एका थेंबानं काय होतंय, असं मनाला सांगायचे. लगेच ती म्हैस आठवायची. पूजा टाळावी म्हणलं तर त्याचीही भीती. मी दहावी शिकलेली, पण आसरांना न भिणारी बाई आमच्याकडं अजून जन्मायची आहे. तीर्थ नाही लावलं आणि पोरीला काही झालं तर? लावलं आणि झालं तर? भाकरी थापताना हात थांबायचा, तव्यावरची करपायची, आणि आत्याबाई ओरडायच्या.

सोमवारी मला गडू आठवला. गंगेचं पाणी! तांब्याच तर असतो हातात. तो विहिरीचा न घेता गंगेचा घेतला तर आसराही खूश, पोरगीही वाचली. गंगेला कोण नाही म्हणेल? मला माझ्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी गुणगुणत धुणं धुतलं.

मंगळवारी विहिरीवर बायका जमल्या. भाभीसुद्धा येऊन लांब बाभळीखाली उभी राहिली. आत्याबाईंनी सात खडे धुऊन मांडले, हळदीकुंकू वाहिलं, हिरवा खण ठेवला, दहीभाताचं पान मांडलं. मी पुढं होऊन म्हणलं, "आत्याबाई, आईनं गंगा दिलीय. तीर्थाला ही घ्या."

बायका "अगंबाई!" म्हणाल्या, कुणी गडूला हात लावून डोळ्यांना लावला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. गडू घेतला, फडकं सोडलं, आणि सगळी गंगा सातही खड्यांवर ओतून टाकली. "माहेरची गंगा आली, आसरांना न्हाऊ घालू. अन् तीर्थ आपल्या विहिरीचं." रिकामा गडू माझ्या हातात दिला.

मग त्यांनी पोहरा सोडला. रहाट कुरकुरला. वर आलेलं पाणी उन्हात तेलकट दिसत होतं. तांब्या भरला, आधी स्वतः तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर अर्धा रिकामा केला. पोरगी माझ्या मांडीवर होती. मी तिचं तोंड छातीशी दाबून धरलं. "सोड," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "सोड गं." तांब्यात बोटं गेली. बोट पोरीच्या ओठाकडं आलं. मला किंचाळायचं होतं. मी डोळे मिटून घेणार, तेवढ्यात दिसलं.

बोटावरची हळद कोरडी होती. भुकटी होती तशीच, पिवळीजर्द. पाण्यात बुडालेलं बोट असं राहत नाही. ते कोरडं बोट पोरीच्या ओठावर टेकलं, बायकांनी "आसराबाईऽऽ" म्हणून हात जोडले, आणि आत्याबाई उठल्या. पोरीनं जीभ बाहेर काढली, हळदीची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

घरी आल्यावर मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुम्ही तीर्थ लावलंच नाही."

"पोरीला ते पाजायला मी येडी हाय का?" मान वर न करता म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे!"

"त्या विहिरीची माती मी डोक्यावर वाहिलीय. तिचं पाणी बिघडलं ते मला कळायचं नाय तर कुणाला?"

"मग तुम्ही काहून पिता? सगळ्यांदेखत, तांब्या तांब्या!" मला रडूच फुटलं. रागाचं, की भीतीचं, मला सांगता यायचं नाही.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी सोडलं तर गाव सोडंल. मग गाव इचारंल, पाणी कुणी नासवलं. मग समदे जातील कंपनीच्या गेटावर. अन् गेटाच्या आत कोण हाय? माझं लेकरू हाय. आतले म्हणतील, तुझ्या गावानं केलं. गाव म्हणंल, तू आत होतास, तुला ठाव होतं, तू बोलला नायस. त्यानं कुठं जावं?"

"आणि बाकीच्यांची लेकरं, आत्याबाई? ती पितात ना रोज?"

त्यांनी सूप परत उचललं. तसंच खाली ठेवलं. थोड्या वेळानं उठून गोठ्यात गेल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात शेजारच्या सूनबाईनं निरोप धाडला. तिला बऱ्याच वर्षांनी, लई नवसानं मुलगा झाला होता. शुक्रवारी आसरांना आणते, म्हणाली. आत्याबाईंनी "आण" म्हणलं. मी म्हणलं, "परत कोरडं बोट?" त्या म्हणाल्या, "व्हय. तू गप ऱ्हा." बाळं तेवढी वाचतील, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसलं. मोठ्यांचं मोठ्यांनी बघावं. आणि खरं सांगते, मलाही तेवढ्यानं बरं वाटलं.

शुक्रवारी यांची दुसरी पाळी होती, म्हणून हे घरी होते. विहिरीपासून लांब, बाभळीखाली डबा घेऊन उभे राहिले. खडे मांडले, दहीभात ठेवला, आत्याबाईंनी तांब्या भरला, स्वतः प्यायल्या. सगळं तसंच. बोट तांब्यात घालणार तेवढ्यात त्या बाळाची आजी पुढं सरकली. नवसाचं नातवंड म्हणून तिनं खास चांदीची पळी करून आणली होती.

"आत्या, बोटानं नका लावू. पळीनं पाजा. चांगली भरून पाजा, लई नवसाचं हाय आमचं."

पळी कोरडी ठेवता येत नाही.  आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग बाभळीकडं बघितलं. पळी तांब्यात बुडवली, भरली. बाळानं तोंड उघडलंच होतं, भुकेलं असावं. पळी त्याच्या हनुवटीपर्यंत गेली आणि आत्याबाईंचा हात तिथंच अडला. ह्या बाईचा हात अडलेला मी कधी बघितला नव्हता. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते देव जाणे. त्यांनी डोळ्यांनीच मला थांब म्हणून सांगितलं.

पळी त्यांनी जमिनीवर उपडी केली. मग तांब्या उपडा केला.

"आसरा उठून गेल्या इथून," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ह्या पाण्याला इटाळ झालाय. आजपासून कुणी तोंडाला लावायचं नाय. माणसानं नाय, जनावरानं नाय."

बाळाच्या आजीनं बाळ ओढूनच घेतलं. कुणीतरी विचारलं, "इटाळ कुणाचा, आत्या?"

 ते सांगायची गरजच नव्हती. एकेकीचं तोंड शेतापलीकडं वळलं, जिथं कंपनीचा धुराडा दिसत होता. आणि तिथून परत फिरलेल्या नजरा बाभळीखाली येऊन थांबल्या.  आता काय होणार? आता हे सगळे यांच्यावर धावून जाणार, असं मला वाटलं.

यांनी डबा खाली ठेवला. विहिरीवर आले. कुणाकडं बघितलं नाही. रहाटावरनं दोर काढला, पोहरा सोडवला, दोराचं वेटोळं करून खांद्यावर टाकलं. त्या विहिरीचा दोर, सासरे गेले त्या दिवशीसुद्धा कुणी काढला नव्हता. मग आपल्या आईसमोर उभे राहिले, खाली मान घालून, लहानपणी काही फोडून आल्यावर उभे राहत असतील तसे.

 रिकाम्या कळश्या उचलून एकेक जण आडाच्या वाटेला लागली. नवसाच्या बाळाची आई तेवढी थांबली, आत्याबाईंच्या पाया पडली आणि गेली. यांना कुणी काही बोललं नाही. त्या न बोलण्याची भीती पुढं कितीतरी महिने आमच्या घरात होती. दार वाजलं की हे आधी खिडकीतनं बघायचे.

आत्याबाई काठावर बसून राहिल्या. दहीभाताला मुंग्या लागल्या होत्या. मी पोरीला काखेत घेऊन जवळ गेले.

"तहान लागलीय गं," त्या म्हणाल्या.

मी घरात गेले. कॅनमधलं पाणी तांब्यात ओतलं. आता हा तांब्या त्या माझ्या अंगावर फेकतात की काय, असं वाटत होतं. त्यांनी घेतला, एक घोट तोंडात घोळवला, आणि मग सगळा प्याल्या. दम खाऊन म्हणाल्या, "गोड हाय की. कुठलं?"

"पैठणचं. पाइपानं येतं कंपनीत. माझ्या माहेरचंच आहे."

"मग आधी सांगायचं नाय का, बये!" त्या जरा हसल्या. मग हसू गेलं. चिरा पडलेले हात त्यांनी या वेळी पदराखाली घेतले नाहीत, मांडीवर ठेवून बघत बसल्या. मीही बघत होते. हे पाणी त्यांच्या पोटात किती दिवस गेलंय, तिथं त्यानं काय केलं असेल, हे विचारायला माझ्याच्यानं तोंड उघडवलं नाही. पुढं त्या बरीच वर्षं जगल्या. पण त्या नुसत्या खोकल्या तरी मी हातातलं टाकून धावायचे.

तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. आत्याबाईंचा हात सवयीनं कपाळाकडं निघाला आणि मध्येच थांबला.

यांनी दोर ओट्यावर ठेवला, डबा उचलला, सायकल बाहेर काढली. "जाऊ का नको, माय?" असं विचारल्यासारखे तिथंच घुटमळले.

"जा," आत्याबाई म्हणाल्या. "रिकामा कॅन घेऊन जा. अन् येताना दोन आण."